घड्याळाच्या दुकानामागे

थोरल्याच्या आईस आशीर्वाद, आणि थोडी कटकट.

इथे शहरात आल्यापासून माझा गुडघा बरा आहे. तुझी कंबर कशी आहे?

आपला थोरला दोन वर्षं इथल्या घड्याळाच्या दुकानात कामाला ना, म्हणून काल दुपारी त्याला न सांगताच गेलो आणि तुझं बंद पडलेलं घड्याळ काउंटरवर ठेवलं. तिथली बाई हसली. "आजोबा, इथे दुरुस्ती होत नाही. आत या." तिने भिंतीवरचं भलंमोठं घड्याळ दारासारखं उघडलं. आत बार! आणि आपले चिरंजीव ग्लास पुसतायत!

अगं, दारू विकायचीच तर सरळ पाटी लावा की! हा कसला लपंडाव? म्हणे असा लपलेला बार शोधून काढण्यातच गिऱ्हाइकाला मजा येते. डोकी फिरलीत सगळ्यांची.

"मी पीत नाही, बाबा. आईला सांगू नका," म्हणाला. मी त्याचं तोंड हुंगलं. वास नव्हता.

तरी तुला सांगतोय. दारूपायी तुझ्या भावाला आपण पुन्हा दारात उभं केलं नाही, हे पोराने लहानपणी पाहिलंय. म्हणूनच तो दोन वर्षं खोटं बोलला. फोनवर ओरडू नकोस. सुट्टीत घरी ये, एवढंच म्हण.

वैतागलेला,
थोरल्याचा बाप