सावलीत वाळवलेली रानतुळस

पिंपरी, ४ फेब्रुवारी १९५७

ती. आई, भैरूचा तुझ्या पायांवर माथा.

मी ठणठणीत आहे. तुझा गुडघा कसा आहे?

डोकं मात्र फिरलंय. तू पाठवलेली ओली रानतुळस सावलीतच वाळवा, असं मी बजावलं होतं. प्रयोगशाळेच्या साहेबांनी ती भट्टीत करपवली आणि अहवालात लिहिलं, "औषधी गुण नाही." अगं, तेल उडाल्यावर गुण राहील कसा? तू घरी सावलीत वाळवून सोबत दिलेलं पान मी त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. तेलाचे थेंब नुसते चमकत होते! तर म्हणाले, "अडाणी बाईचं शास्त्र इथं नको."

काल त्यांनाच खोकला लागला. हळूच तुझा पाला मागितला. म्हटलं, "आधी अहवाल बदला." ते खोकत बसले, पण लेखणी उचलली नाही.

नोकरी अजून आहे, घोर लावून घेऊ नकोस.

पाला दिला मी. तू कुणाला नाही म्हटलेलं मला आठवत नाही.

तुझा भैरू