नवव्याचा धर्मबाप

कामेनो, ८ मार्च १९२४

चि. स्वेतोझार यास ताईचे आशीर्वाद, वि. वि.

बेलग्रेडात कारकून झालास म्हणून अक्कल आली असं नाही. नवव्या पोराला राजा धर्मबाप होतो म्हणे, आणि तू आम्हाला न विचारता अर्ज ठोकून दिलास! अरे, माझ्या आठही पोरांना रादोयको नावाड्यानं धर्मबाप होऊन नावं दिली. त्याच्या बापानं तुझ्या दाजींना दिलं. धर्मबाप बदलणं म्हणजे दोन घरांचं नातं तोडणं, हे आईनं शिकवलं नव्हतं?

आता तो आम्हाला होडीत घेत नाही. दाजी पुलावरून सहा तास चालत बाजाराला जातात आणि घरी येऊन लहान मुलासारखे रडतात. अर्ज मागे घे.

लोभ आहेच, सध्या राग जास्त आहे.

तुझी स्तामेंका


बेलग्रेड, २१ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

अर्ज आता मागे येत नाही. या हिवाळ्यात मंत्री आले नि गेले, पण तुमच्या नावाचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर सरकत थेट राजापर्यंत पोचला. राजाला नको कोण म्हणणार? मी तर नाही, माझी बढती अडकली आहे. राजाच्या वतीनं एक कप्तान चांदीचा पेला घेऊन येईल. बाळाचं नाव राजवाड्यातूनच लिहून येणार. रीतीप्रमाणे ते आधी कुणाला कळायचं नाही.

रादोयकोचं वाईट वाटतं. पण हे त्याला सांगू नकोस.

कृपालोभ पातळ होऊ देऊ नये.

स्वेतोझार


कामेनो, १४ एप्रिल

चि. स्वेतोझार यास अनेक आशीर्वाद.

बारसं झालं. कप्तानसाहेब रादोयकोच्या होडीतून आले. मध्यावर होडी अशी डुलली की त्यांची टोपी नदीत गेली, आणि नावाचा कागद टोपीत! रादोयको म्हणतो, वारा होता. माझ्या अंगणात वाळत घातलेलं फडकंसुद्धा हलत नव्हतं.

चर्चमध्ये पाद्रीबाबांनी नाव विचारलं, तर कप्तानाचा चेहरा खर्रकन उतरला. राजाच्या धर्मपुत्राला मनचं नाव द्यायची त्याची छाती होईना. शेवटी मीच दारातल्या रादोयकोला म्हटलं की आठदा बोललास, आता का मिठाची गुळणी धरलीस? कप्तानानंही त्याला हात जोडले.

त्यानं बाळाला घेतलं. मोठ्यानं म्हणाला, स्वेतोझार!

मी थक्क. नंतर विचारलं तर म्हणतो, दोन महिने तुझ्या भावाच्या नावानं बोटं मोडायची सवय लागली आहे, आता कडेवर घेऊन मोडीन. मग तो आणि दाजी चांदीच्या पेल्यातून आलुबुखाऱ्याची दारू प्यायले आणि दोघंही रडले. मीही रडले.

काल दाजी होडीतूनच बाजाराला गेले. तूही बाळाला बघायला ये. लोभ असावा, टोपी सांभाळावी.

तुझी स्तामेंका