ऐनाच्या सालीतला विंचू

आई, चुलीत लाकूड घालण्यापूर्वी तू ते अंगणातल्या दगडावर आपटून घेत असस. इंद्रवेल्लीकडच्या जंगलातून आलेल्या ऐनाच्या जळणात, भेगाळलेल्या सालीखाली, एक बारीक पिवळसर विंचू असे. एकदा मी न आपटताच लाकूड चुलीत सारू लागलो, तेव्हा तू माझा हात धरलास. "काऊन रे, घर हाय ते त्याचं. आंधी भायेर तं येऊ दे त्याले!" पुढे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकताना मला कळले, की हा विंचू पुष्कळशा विंचवांसारखा बीळ करीत नाही. सालीच्या आतल्या बाजूस उलटा चिकटून, अंग चपटे करून तो दिवस काढतो. झाड तुटले तरी साल सोडत नाही. लाकडाबरोबर चुलीपर्यंत येतो.

तुझी सून, जिला तू पाहिले नाहीस, गेल्या महिन्यात वारली. तेव्हापासून मी घरातच आहे. मुलगी भाजी आणायला जाते, तेव्हा दाराला बाहेरून कडी लावते. तिचा दोष नाही. स्मशानात जे घडले ते तिने मामाकडून ऐकले आहे. चितेवर वरची लाकडे रचणे चालू असताना एका ओंडक्याच्या सालीतून मला नांगी दिसली. मी तो ओंडका उचलून दगडावर आपटला. मग दुसरा घेतला, मग आणखी एक. "भाऊजी, काय करून राह्यले तुमी? लोकं उभे हायेत," मेहुणा म्हणाला. मागून कोणीतरी पुटपुटले, "मास्तरले आता इच्चवाची काळजी!" मी थांबलो नाही. शेवटी मेहुण्याने दंडाला धरून मला बाजूला नेले.

काल मुलीने विचारले, "बाबा, खरं सांगा, त्या दिवशी तुम्हाला काय झालं होतं?" मी तिला ऐनाच्या सालीविषयी, तीत टिकणाऱ्या ओलाव्याविषयी, विंचवाच्या सवयींविषयी व्यवस्थित माहिती दिली. तिने ती शांतपणे ऐकून घेतली आणि संध्याकाळी आदिलाबादच्या डॉक्टरांची वेळ ठरवली.

हा कागद तिला वाचायला दिला, तर कदाचित ती वेळ रद्द होईल. मी तो देणार नाही, आणि तुला तर तो पाठवता येत नाही. पहिला ओंडका आपटताच विंचू खाली पडून गवतात शिरला होता. तो जाताना मी पाहिला, आई. पुढची लाकडे तुझ्या सुनेच्या तोंडावर ठेवायची होती.