कापसाची परीक्षा

प्रिय गुंज,

रविवारी फोनवर तू एक वाक्य बोललीस आणि मी गप्प झालो. नेहमीप्रमाणे बाबांना काही सुचले नाही, असे तुला वाटले असेल. तसे नव्हते. "एक्स-रे नॉर्मल आहे बाबा, हाड जुळलंय. माझंच काहीतरी चुकत असेल," असे तू म्हणालीस. मनगटाचे प्लास्टर निघून पाच महिने झाले, तरी बाहीचा स्पर्श सोसत नाही. नकाशा काढताना हातातून वीज गेल्यासारखे होते. तुझे साहेब "आता कौतुक पुरे" म्हणतात, म्हणून महिनाअखेरीस राजीनामा द्यायचा आणि डॉक्टरांचे तोंड पुन्हा पाहायचे नाही, असे तू ठरवलेस. हे सारे तू हवापाण्याच्या गोष्टी कराव्यात तशा सुरात सांगितलेस. तो सूर माझ्या ओळखीचा आहे. त्याचे उत्तर लिहून देतो. मला लिहूनच नीट बोलता येते, हे तुझ्या आईने लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी ओळखले होते.

आधी माझे वर्तमान. तुझी आई गेल्यावर तिसऱ्या महिन्यात मला नागीण झाली, हे तुला ठाऊक आहे. फोड दोन-तीन आठवड्यांत वाळले, हेही मी कळवले होते. दुखणे मात्र डाव्या बरगडीखाली मुक्काम ठोकून राहिले, हे कळवले नाही. कारण दाखवण्यासारखे काही उरले नव्हते. इस्त्रीचा शर्ट अंगात घालताना कोणी निखारा ओढत न्यावा तसे होई. तुझ्या मामाने येऊन उपदेश केला, "दाजी, वय झालं आता. सहन करायचं." मी विचारले, "सहन करणे हा उपचार असेल, तर तुम्ही चष्मा कशाला लावता?" तेव्हापासून तो फिरकलेला नाही. माझ्या उपचारांतला पहिला गुण मी तोच समजतो.

शेवटी वेदनांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर तुझ्याहून लहान. तिने विचारले, "शून्य ते दहा, किती दुखतं काका?" मी सांगितले, की चौतीस वर्षे मी बाजारातले तराजू आणि वजने तपासली आहेत; शेजारी प्रमाण वजन ठेवल्याशिवाय मी आकडा उच्चारत नाही. ती हसली. "प्रमाण तुमच्याच अंगात आहे. तुम्ही म्हणाल तो आकडा मी लिहिणार. तो तपासायचा अधिकार मला नाही." मी बराच वेळ विचार करून सात म्हणालो. तिने सात लिहिले. मग तिने कापसाचा बोळा बरगडीवरून अलगद फिरवला, आणि तुझा बाप, ज्याचा आवाज कचेरीत कधी चढला नाही, तो ओरडला. त्याच जागी टाचणी टोचली, ती जेमतेम कळली. इजा झालेली नस असेच उलटसुलट निरोप पाठवते, असे तिने समजावले. बधिरपणा आणि वेदना एकाच जागी खुशाल नांदतात. मी शर्ट हातात धरून तसाच बसून राहिलो. तिला वाटले, मला घेरी आली.

घेरी नव्हती, गुंज. तू वसतिगृहात होतीस तेव्हाची गोष्ट आठवली. तुझ्या आईच्या तळपायांची आग होत असे. चादरीचे टोकही सोसत नसे. ती बादलीत पाय सोडून भाजी निवडत बसे. तिचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले होते, आणि कागदावर जे नाही ते मी मानत नव्हतो. ती थट्टेने म्हणे, "अहो, बाजारभर शिक्के मारत फिरता, एक माझ्या तळपायावर मारा. 'दुखतात' असा. मग तरी पटेल." एका दुपारी मी तिला डोळे मिटायला सांगितले आणि वजने उचलायच्या चिमट्यात कापूस धरून तिच्या तळपायांवरून फिरवला. "लावलात का?" तिने विचारले. तिला कापूस कळलाच नव्हता. मी समाधानाने माझ्या वहीत नोंद केली: 'स्पर्श कळत नाही. सबब वेदना नाही.' आणि तिला ती वाचून दाखवली. ती म्हणाली, "बरं." त्यानंतर तिने पायांविषयी एक शब्द काढला नाही. चालू होती ती औषधेही बंद केली. मी समजलो, बरी झाली.

पितळी वजनाला मी उभ्या आयुष्यात बोट लावले नाही. बोटाच्या ओलाव्याने वजन बिघडते, म्हणून. इतकी काळजी मी पितळेची घेतली.

आता मी रोज रात्री आठला कॅप्सूल घेतो. मात्रा डॉक्टरनेच हळूहळू वाढवली. पहिले दोन आठवडे भिंत धरून चाललो, तोंडाला कोरड पडली, तरी आपल्या मनाने कॅप्सूल बंद केली नाही. शिवाय दवाखान्यातला अंग सैल सोडण्याचा वर्ग. पहिल्या दिवशी मी सतरंजीवर पट्टा, मोजे, खिशातल्या पेनासह आडवा झालो. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, पेन तरी काढा. इथे कुणाची तपासणी नाही." शेजारच्या सतरंजीवरची शिंपीण इतकी हसली की तिचा श्वास चुकला. श्वास चार अंक मोजून घ्यायचा, सहा मोजून सोडायचा. पायांच्या बोटांपासून सुरुवात करून एकेक स्नायू आवळायचा आणि सोडून द्यायचा. दुखणे गेलेले नाही. जाईल असे कोणी म्हटलेलेही नाही. पण साताचे चार झाले आहेत, आणि चारावर मी शर्टाची सगळी बटणे लावून बाजारात जातो. आपणहून मी दुखण्याला एक बटणही सोडणार नाही. वर्गात फक्त पायांपाशी मी इतरांपेक्षा जास्त वेळ थांबतो. बाई आता मला पुढे चला म्हणत नाहीत.

काल ती वही काढली. आमच्या खात्यात चुकीची नोंद खोडून काळी करत नसत. वर एक सरळ रेघ ओढायची, खालचे वाचता आले पाहिजे, आणि शेजारी सही व तारीख. मी 'सबब वेदना नाही' यावर रेघ ओढली आणि सही केली. ती पाहायला तुझी आई नाही. तू आहेस, म्हणून हे पत्र. माझी कॅप्सूल तुला पाठवणार नाही. तुझी मात्रा तुझी डॉक्टर ठरवील. माझ्या डॉक्टरने तुझ्या गावातल्या वेदनांच्या दवाखान्याचे नाव दिले. मंगळवारी अकराची वेळ मी तुला न विचारता घेतली आहे. तोवर राजीनाम्याचा कागद ड्रॉवरमध्ये राहू दे. तुझ्या साहेबांना पुरावा हवा असेल, तर त्यांनी मला फोन करावा. बाजारातल्या भल्याभल्यांना मी वठणीवर आणले आहे. डॉक्टरसमोर रुग्णाच्या शेजारी एक दुसरी खुर्ची असते. तुझ्या आईच्या वेळी मी त्या खुर्चीत कधी बसलो नाही. मंगळवारी तुझ्या गावी येऊन बसणार आहे. तू नऊ म्हणालीस तर नऊ. मी प्रमाण मागणार नाही.

तुझाच, उशिरा का होईना ऐकू लागलेला,
बाबा