लाल बाणांची पेटी

हॅडॉक कोव्ह, मेन
११ मार्च, सोमवार

चि. लेटी,

बेटावर नीट पोचलीस ना? इथलं धुकं अजून तसंच आहे. तुझ्या लॉबस्टरच्या पिंजऱ्यांचे तरंगते बोये रंगवायला घेतलेत. अर्धा नारिंगी, अर्धा हिरवा, मध्ये पांढरा पट्टा. बाबांचेच रंग. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली, तरी स्वयंपाकघरात रंगाचा वास सुटला की वाटतं, आता म्हणतील, "विनी, पट्टा वाकडा गेला. लॉबस्टर हसतील."

फोनवर तू मला हसण्यावारी नेतेस, म्हणून लिहितेय.

काल तुझे केस कापताना मी मध्येच थांबले. "काय गं आई, कात्री हरवली?" तू म्हणालीस. तुझ्या मानेवरच्या तिळाचं विचारलं तर म्हणालीस, "असू दे. माझा विमा महासंकटाचा आहे. कार्ड बोटीवर, मदत बोलवायच्या लाल बाणांच्या पेटीत ठेवलंय, बाबांसारखं. बोट बुडायला लागली की बाणही उडवीन आणि कार्डही काढीन."

मीही हसले. हसायला नको होतं.

बाबांचे केसही मी त्याच खुर्चीत कापायची. कानामागचा तीळ त्यांना दिसायचा नाही, मला दिसायचा. आधी मसुराएवढा, मग वाटाण्याएवढा, कडा वेड्यावाकड्या. एकदा खाजला तेव्हा त्यांनीच विचारलं, "दाखवू का गं डॉक्टरला?"

मी म्हटलं, "एवढ्याशा तिळाला? ते कार्ड मोठ्या आजारासाठी आहे, एसा. तोवर सगळं आपल्याच खिशातून."

"पुस्तकं तू वाचतेस बाई, तुला ठाऊक," म्हणाले आणि पिंजरे ओढायला गेले. त्याच तिळाचा कॅन्सर झाला आणि त्याने त्यांना नेलं. मी मात्र सगळ्यांना सांगत आले, एसा हट्टी होता, डॉक्टरकडे जायचाच नाही. तुलासुद्धा.

त्यांची बोट विकताना पेटी उघडली. बाणांखाली कार्ड, आणि ओल लागून चिकटलेली विमा योजनेची पुस्तिका. चुलीजवळ वाळवून वाचली. नेहमीच्या डॉक्टरकडे वर्षाला तीन भेटी, विमा सुरू व्हायला आधी आपल्या खिशातून भरायची ती मोठी रक्कम भरून होण्याआधीच योजनेत धरलेल्या. लसी, रक्तदाबासारख्या ठरलेल्या तपासण्या, त्याही. नवव्या पानावर होतं. वाचनालयातली तीन कपाटं मी वाचून संपवली लेटी, आणि हे एक पान वाचलं नाही.

तुझी पुस्तिका तू इथे टेबलावर विसरलीस. दोनदा वाचली. तुझ्याही तीन भेटी आहेत. पुढे तुकडा काढून तपासायला लागला तर तो खर्च आपल्यावर येईल, तो मी बघेन. गुरुवारी दहाला डॉक्टरांकडे तुझं नाव लावलंय. पिंजरे एक दिवस थांबतील. चिडायचं तर चीड, पण कार्ड त्या पेटीतून काढ आणि ये. बाण तिथेच राहू देत.

मी धक्क्यावर उभी असेन.

हे पत्र तीन वर्षं उशिरा लिहिणारी,
तुझी आई