बाबांच्या डाव्या हाताचा स्पीकर

रायपूर,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय इरावहिनी,

सप्रेम नमस्कार आणि घरच्या सर्वांकडून जय भीम. आम्ही मजेत आहोत. थंडी सुरू झाल्यापासून आईचे गुडघे कुरकुरतात, पण ती स्वतः कुरकुरत नाही. दादाचा खोकला गेला का? हळद-दूध तो तुमच्यासमोर पितो आणि मोरीत ओततो, हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते.

फोन असताना पत्र का, असं वाटेल. फोनवर मी चार वेळा लिहिलं आणि चार वेळा पुसलं. कागदावर पुसता येत नाही, खोडावं लागतं, आणि खोडलेलं दिसतं. म्हणून कागद घेतला.

आधी एक कबुली. तुम्ही दोघांनी दिवाळीला होम थिएटर पाठवलंत. दादानं फोनवर विचारलं, "कसं वाजतं?" मी म्हणाले, "मस्त." वहिनी, तेव्हा ते वाजत नव्हतं. खोकी दिवाणाखाली होती आणि आईनं त्यांवर कुरडयांचा डबा ठेवला होता. बाबा म्हणाले होते, "ज्यानं पाठवलं, त्यानं येऊन लावावं. मी हात लावणार नाही." दादाला हे कसं सांगणार? म्हणून मस्त म्हणाले. त्या एका शब्दानं मला दोन आठवडे नीट जेवू दिलं नाही. शेवटी वाटलं, खोटं परत घेता येत नसेल तर निदान खरं करून टाकावं.

तर गेल्या रविवारी मी खोकी उघडली. पाच स्पीकर, एक मोठा ठोकळा, वायरींची भेंडोळी आणि एक चिमुकला माइक. तुम्हाला माहीतच असेल, पण मला नवं होतं: दोन स्पीकर टीव्हीच्या दोन बाजूंना, एक टीव्हीखाली मधोमध, आणि दोन बसणाऱ्याच्या मागे, डावी-उजवीकडे, कानाच्या उंचीला. माइक बसणाऱ्याच्या जागी ठेवायचा. मग एकेक स्पीकर आळीपाळीनं फुस्स करतो, आणि कुठला किती लांब, किती मोठा, हे यंत्र स्वतः मोजून घेतं.

मोजणं म्हटलं की मी खूश. दादानं सांगितलं असेलच, दम्यामुळे मी चौथीपर्यंत शाळेत गेले नाही. बाबा सिलतराच्या लोखंडाच्या मिलमधली पाळी संपवून यायचे, आंघोळ करायचे आणि मला शिकवायला बसायचे. माझा पहिला धडा अक्षरांचा नव्हता, मेजरटेपचा होता. घरातली दारं, आईचं लाटणं, दादाचं डोकं, सगळं मोजून झालं. "मोजल्याशिवाय बोलायचं नाही, नीलू," हे त्यांचं वाक्य. आणि मशीनच्या बाबतीत बाबा म्हणतील ते खरं, हा आमच्या घरचा कायदा. हे दोन्ही कधी एकमेकांच्या आड येतील असं मला वाटलं नव्हतं.

बाबांची खुर्ची धरून मी सगळं लावलं. ठोकळा सुरू झाल्याबरोबर मांडणीवरची ताटं थरथरली आणि आई स्वयंपाकघरातून ओरडली, "हा डब्बा काहून गुरगुरून राहिला? कुत्रं आहे का आत?" बाबा हात लावणार नव्हते, पण खुर्चीत येऊन बसले. एकेक फुस्स झालं. बाबांनी डोळे मिटून ऐकलं आणि निकाल दिला, "डावा मागचा मेला."

मला तो ऐकू येत होता. पण मी उभी होते, बाबा बसले होते. माझं मोजमाप नव्हतं, त्यांचं होतं. मी वायर काढली, टोकं पुन्हा सोलली, लाल लालला, काळं काळ्याला. "मेलेलाच आहे." मागच्या दोन स्पीकरची अदलाबदल केली. "अजूनही डावाच." म्हणजे स्पीकर चांगला, वायर वाईट. नवी वायर आणली. "डावा." माइक म्हणत होता, दोन्ही बाजू अगदी सारख्या. मी माइकवर अविश्वास दाखवला, वहिनी. बाबांवर नाही.

बुधवारी विकी भैयांना बोलावलं. चाळिशीचे गृहस्थ आहेत, शहरभर हेच बसवत फिरतात. त्यांनी पाच मिनिटं तपासलं आणि म्हणाले, "दीदी, स्पीकर तो चकाचक है."

बाबा म्हणाले, "बत्तीस साल मशीन के साथ रहा हूँ भैया. बंद मशीन पहचानता हूँ."

"अंकल, बज रहा है."

"नहीं बज रहा."

आई पदराला हात पुसत आली, बाबांना उठवून खुर्चीत बसली आणि म्हणाली, "वाजून तर राहिलं! कानामागं साप फुसफुसल्यावाणी."

बाबा हसले नाहीत. तेव्हा मला सुचलं की मी सगळं तपासलं, फक्त एक गोष्ट तपासली नाही. मी खुर्ची उलटी फिरवली, टीव्हीकडे पाठ करून, आणि बाबांना पुन्हा बसवलं. मागचे दोन्ही स्पीकर आता त्यांच्यासमोर होते. मेलेला आता त्यांच्या उजव्या हाताला होता.

"हा चालू झाला," बाबा बोट दाखवून म्हणाले. "आता तो मेला." आणि दुसरं बोट उचलता उचलता थांबले. काय बोललो ते त्यांचं त्यांनाच समजलं. विकी भैयांनी आपली अवजारं गोळा केली आणि "चाय फिर कभी, आंटी" म्हणून निघून गेले. भला माणूस.

वहिनी, बाबांचा डावा कान गेलेला आहे. चार वर्षं झाली. मिलच्या आवाजानं हळूहळू गेला. "कान गेलेल्या माणसाले मिलवरून काढून टेबलाच्या कामावर बसवतात, म्हणून बोललो नाही," ते म्हणाले. मार्चमध्ये रिटायर झाल्यावर सांगायला हवं होतं, पण तोवर लपवायची सवय झाली होती. तिथं सगळे हातवारे करून आणि ओठ बघूनच बोलतात, त्यामुळे समोरच्याचं त्यांना बिनचूक कळतं. त्यांनी दादाच्या बाबतीत माझ्याकडून वचन घेतलं, "परागले सांगू नको." मी दिलं.

आणि मग मला झोप लागेना. कारण मला जुलै आठवला.

लग्नानंतर तुम्ही पहिल्यांदा आलात. दुसऱ्या दिवशी जेवताना तुम्ही बाबांच्या डावीकडे बसला होतात. कूलर चालू होता. दादा हात धुवायला गेला होता, आई आत होती. मी भात वाढत होते. तुम्ही हळूच विचारलंत, "मी तुम्हाला बाबा म्हटलं तर चालेल ना?" बाबांनी वरण ओढून घेतलं, भात कालवला आणि जेवत राहिले. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. आठ दिवस राहणार होतात, चौथ्या दिवशी निघालात. तुमच्या मनात काय काय आलं असेल, तुमचं माहेर आणि आमचं घर, ते मी इथं लिहीत नाही. तुम्हालाही माहीत आहे, मलाही.

खरी कबुली ही आहे. तो प्रश्न मी ऐकला होता. "बाबा, वहिनी काय म्हणतात बघा," एवढं म्हणायला मला एक क्षण लागला असता. मी म्हणाले नाही, कारण मलाही तेच वाटलं जे तुम्हाला वाटलं: बाबांनी तुम्हाला आपलं मानलं नाही. ज्या माणसानं मला मोजल्याशिवाय बोलू नको म्हणून शिकवलं, त्याच्याबद्दल मी न मोजता ठरवून टाकलं. चार महिने मनातल्या मनात मी त्यांच्यावर रागावले होते आणि त्यांना पत्ताही नव्हता.

शुक्रवारी मी बाबांच्या समोर बसले आणि तो प्रश्न त्यांना सांगितला.

"असं विचारलं तिनं?" त्यांनी मला तो दोनदा म्हणायला लावला. मग म्हणाले, "मले वाटलं, शिकलेली पोट्टी आहे, आपल्याशी काय बोलणार. चार दिवसांत एक शब्द बोलली नाही." म्हणजे तेही रुसून बसले होते! मग माझ्यावर घसरले, "अन् तू चार महिने काहून गप्प होतीस? तुझे तर दोन्ही कान शाबूत आहेत ना?" आई मध्ये पडली, "तिले कशाले बोलता? लपवलं कोणं?"

बाबांनी वायरच्या उरलेल्या तुकड्याला गाठी मारल्या. शेवटी म्हणाले, "वचन परत घे. लिही तिले. कानाचंही लिही. अन् सांग, हा का अर्ज करून विचारायचा विषय आहे? बाबा म्हण म्हणावं. फक्त उजवीकडून म्हण."

काल डॉक्टरकडे गेलो होतो. बाबांनी लग्नाला घालायचा शर्ट घातला होता. उजवा कान बरा आहे, डाव्याला ऐकायचं मशीन लावून घेतलं. घरी येईपर्यंत त्यांच्या तक्रारी सुरू झाल्या: रिक्षा फार वाजते, कुकर फार वाजतो, तुझी आई तर लई वाजते. आई म्हणाली, "चार वर्षं मी उगाच घसा फोडला का?"

डिसेंबरात सुट्टी मिळेल तर या. मला माफ करायचं की नाही ते इथं आल्यावर ठरवा, फोनवर ठरवू नका. बाबा म्हणतात, स्टेशनवर मीच जाणार. मशीन लावून जातील याची खात्री नाही, स्वभाव तुम्हाला कळला आहेच. प्लॅटफॉर्मवर गर्दी असते. तुम्ही हाक मारलीत आणि ते वळले नाहीत, तर थांबू नका वहिनी. पुन्हा मारा.

वाट पाहणारी
तुमची नणंद,
नीलिमा