जीपचे चार हिटर प्लग

१४ डिसेंबर, रविवार. सकाळी ६.४०
जीप सुरू झाली नाही. थंडी नऊ अंश. अशा थंडीत धडधाकट माणूस पांघरूण सोडत नाही, ही तर सत्त्याण्णव सालची. शेवटी महेशने शेजारचे दोघे बोलावून धक्का मारला. (महेश म्हणजे आमचे चिरंजीव.) मग हात झटकत म्हणाला, बाबा, पुढच्या रविवारी सकाळी सहाला बिनधक्क्याची सुरू झाली तर ठेवा. नाहीतर घोटीच्या भातवाल्याला देऊन टाकणार. मी शांतपणे मंजूर म्हणालो. आठवडा म्हणजे पुष्कळ झाला.

१५ डिसेंबर
निदान झालं. हिटर प्लग. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, म्हणून थंडीत आधी हे चार प्लग आतून लालभडक तापावे लागतात, मग डिझेल पेट घेतं. चौथीला शिकवायला हवं होतं हे. मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहिले, तिसऱ्याची गरज वाटली नाही. संकल्प : सगळं स्वतः करायचं. केरू मेकॅनिकला बोलवायचं नाही. तो जीपला डबडं म्हणतो.

१६ डिसेंबर. दुपार
चाचणी घेतली. एक बल्ब, दोन वायरी. एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं प्लगच्या डोक्याला. बल्ब लागला तर प्लग पास. चारही पास! पस्तीस वर्षांच्या मास्तरकीत असा शंभर टक्के निकाल लागला नव्हता. ही म्हणाली, मग सुरू का होत नाही? तिला यंत्रातलं कळत नाही. प्लग उत्तम आहेत, त्यांना तापायला वेळ कमी पडतोय.

१७ डिसेंबर. सकाळी ६.१०
हिटर चालू करून घड्याळ बघण्यापेक्षा चौथीतली नदीची कविता बरी. दोन कडवी म्हणजे बरोबर वीस सेकंद. पण दुसऱ्या कडव्याला सुरगाण्याची शाळा आठवली. पावसात पोरं जीपच्या मागच्या बाकांवर दाटीने बसून हीच कविता म्हणायची आणि ती घाट चढायची. सातही कडवी म्हटली. शेवटची दोन परत म्हटली. चावी फिरवली तर नुसतं टक्. खिडकीतून ही म्हणाली, अहो, कविता संपली आणि बॅटरीपण संपली.

१८ डिसेंबर
बॅटरी चार्जिंगला. केरूला फक्त चहाला बोलावलं. त्याने बॉनेटमध्ये डोकावून विचारलं, तात्या, ही चारी प्लगांना जोडणारी पट्टी काढून चेक केलं ना? मी विषय बदलला. तो हसायलाच लागला. पट्टी तशीच ठिवली तर एक जरी प्लग चांगला असंल तरी चारी जागी बल्ब लागतो, म्हणाला. एका पोराचा पेपर चौघांनी पाहून लिव्हला अन् तुम्ही मास्तर असून पास केलं! पट्टी काढून बघितलं. तीन नापास. बजावून गेला की शनिवारी येतो, इंजिन गरम करून सोडवू, थंड इंजिनाला हात लावू नका, प्लग तुटतो.

१९ डिसेंबर. सकाळ
द्वारका सर्कलहून चार नवे प्लग आणले. शनिवारपर्यंत कशाला थांबायचं? पहिला निघाला. दुसरा निघाला. तिसराही. हात बसला आहे.

दुपारी १२
चौथा हट्टी. पान्याला पाइप लावून लांब केला.

दुपारी १२.१०
कट् असा आवाज झाला. प्लग हातात आला.

दुपारी १
तो मुळात आखूड असण्याची शक्यता आहे. नव्याशेजारी ठेवून पाहिला. आखूड नाही.

संध्याकाळ
केरूने कपाळाला हात लावला. आतला तुकडा काढायचा तर इंजिनाचं हेड खोलायचं, आठ दिवस लागतील. उरलेले तीन नवे त्यानेच बसवले. मी विचारलं, तिघांवर सुरू होईल? तो म्हणाला, होईल बी, नाय बी. होईल असं तो म्हणाला.

२० डिसेंबर. दुपारी २
झाली! पहिल्याच सेलला! लागोपाठ तीनदा! ऊन कडक होतं, त्याचा काही संबंध नाही. उद्या जीप हरसूलच्या बाजाराला नेणार. हिला पिशव्या काढून ठेवायला सांगितलं.

२१ डिसेंबर, रविवार. सकाळी ७.३०
थंडी सात अंश. महेश आणि घोटीचे भातवाले खंडेराव सहाला पाच कमी असतानाच दारात. हिटर लावला. वीस सेकंद, घड्याळ बघून. सेल मारला. पांढरा धूर. पुन्हा सेल. महेशच म्हणाला, बाबा, अजून एकदा बघा. पाहिलं. मग मीच चावी काढून खंडेरावांच्या हातात दिली. ते म्हणाले, मास्तर, काळजी नका करू, आमच्याकडं ढकलायला माणसं लय हायेत.
पण इथे नव्हती. महेश, बघायला आलेला केरू आणि शेजारचा एक, असे तिघंच. जीप हलेना.
चौथा मी लागलो. कोपऱ्यापर्यंतही जावं लागलं नाही, लगेच सुरू झाली.